कॅमेऱ्यावर बोट ठेवून मारलेली हाक

प्रिय भांडखोर बाईसाहेब,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे आणि नोकरीही शाबूत आहे. रोज फोनवर बोलतो, मग हा कागद कशाला, असं म्हणशील. अगं, आपला फोन म्हणजे चव्हाटा. तू स्पीकर लावतेस, आई मधेच तोंड घालते, आणि मला बोलायचं असतं ते 'जेवलास का'मध्येच विरून जातं. आमचा रंगारी उद्या आपल्याकडे गावी निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घे. चौथीपुढे शाळेनं मला ठेवून घेतलं नाही, हे लग्नाआधीच सांगितलं होतं.

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते ते खरंच. आधी लाद्या, मग पाइप, आणि आता हे नवीन काम. मुलांच्या हॉस्पिटलात कान तपासायची खोली केली आम्ही. भिंतींत काचेची लोकर ठासायची, वर भोकाभोकांचे पत्रे, दाराला रबराच्या दुहेरी पट्ट्या. ती लोकर अशी खाजवते की मुकादम म्हणतो, 'तुला आता बायकोची गरज नाही, नखं पुरेत.' दार लावलं की बाहेरचं सगळं पुसलं जातं. पहिल्यांदा आत एकटा उभा राहिलो तर मला माझंच आवंढा गिळणं ऐकू आलं. तेव्हापासून राहत्या खोलीवरही ते ऐकू येतं. तिथे आम्ही दाटीवाटीनं झोपतो, पण जो तो भिंतीकडे तोंड करून आपापल्या घरच्यांशी बोलत असतो. माझा फोन संपला की मी दुसऱ्यांची पोरं ऐकत पडतो.

तुला कधी बोललो नाही, पण ठकूचं मला फार लागायचं. दीड वर्षाची झाली पोर. मी इकडून ठकू, ठकूबाई, ठकूमाय करत घसा फोडतो आणि ती आपली डब्याच्या झाकणात गुंग. तू हनुवटी धरून तिचं तोंड वळवतेस तेव्हा कुठे बघते, तेही दिव्याकडे बघावं तशी. आई म्हणते, 'बापाला ओळखत नाही, ओळखणार कशी, तो असतो कुठे!' मी हसतो. फोन ठेवल्यावर मात्र ताट शेजारच्याकडे सरकवतो.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलातल्या त्या खोलीतला एक पत्रा थरथरतो म्हणून मला बोलावलं. गेलो तर आत तपासणी चालू. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, काचेमागे बसा, हलू नका, खोकू नका. आत एक पोरगं आईच्या मांडीवर. आईच्या कानांवर गाणी लावलेली, म्हणजे आवाज आला की तिनं नकळत पोराला हलवू नये. समोर दुसरी बाई मऊ ससा नाचवत होती. बाजूनं आवाज यायचा, आणि पोरानं तिकडे मान वळवली की काळ्या पेटीत दिवा लागून खेळण्यातलं माकड ढोल वाजवणार. मी वाट बघत राहिलो. पोरगं सशातच. आवाज वाढवत नेला, मला काचेमागेही ऐकू येत होता, पोरगं सशातच. माकड काही हललं नाही.

ऐकण्यात अडचण दिसते म्हटल्यावर बाहेर त्याची आजी भांडायलाच उठली. 'अहो, मी ताट वाजवलं की गर्रकन बघतो तो!' बाई शांतपणे म्हणाल्या, ताट वाजवताना तुमचा हात त्याला दिसतो का? जमीन हादरते का? आजीनं ठेवणीतलं काढलं, 'याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला.' तंतोतंत आपल्या आईचं वाक्य! बाई म्हणाल्या, उशिरा बोलणारी मुलं असतात, पण आधी कान बघायचे, मग वाट बघायची.

दार उघडंच होतं, मी पत्रा आवळता आवळता सगळं ऐकत होतो. मी फोनवर काय करतो आठव. आधी हात हलवतो, मग हाक मारतो. तूही तिच्या समोर बसूनच बोलतेस. तिला पाठीमागून कोणी कधी हाक मारलीय का गं?

परवा चित्र गेलं म्हणून तू फोन आपटत होतीस ना, ते गेलं नव्हतं. मी कॅमेऱ्यावर बोट ठेवलं होतं. 'आवाज येतोय, तोंड दिसत नाही' म्हणत तू तिच्या कानाजवळ फोन धरलास. मी हाका मारल्या, शिट्टी मारली, मांजर झालो, कुत्रा झालो. तू हसून लोटपोट. तिचं हसणं काही ऐकू आलं नाही मला. बोट काढलं तर ती चमचा चाटत होती.

मागे तू तिचं 'बाबाबा, दादादा' पाठवलं होतंस, ते अजून ऐकतो. त्यानंतर तिचा कान वाहिला, आणि मग नवीन काही आलंच नाही. तपासणाऱ्या बाईंना मी विचारलं, मित्राच्या मुलीचं म्हणून. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मित्र कोण ते विचारलं नाही. म्हणाल्या, कधी कानाच्या पडद्याआड पाणी साचलेलं असतं, औषधानं निघतं. कधी यंत्र लावावं लागतं, त्यानंही मुलं बोलतात. पण लवकर न्या. पोराच्या आईचं काही चुकलेलं नसतं हेही सांगा म्हणाल्या. ते तुला सांगतोय.

म्हणून हे लिहिलं. ठकूला कान तपासायला घेऊन जा. आई आडवी आली तर मी सांगितलंय म्हण, शिव्या मला खाऊ दे. तपासणीच्या दिवशी मी येतो, मुकादमानं सुट्टी दिली तर दिली, नाहीतर दुसरं काम बघीन. मला तिथे बसायचंय. बाजूनं आवाज यावा, तिनं मान वळवावी, पेटीतल्या माकडानं ढोल वाजवावा, आणि बाईंनी म्हणावं, हिला सगळं ऐकू येतं हो, बापाचाच आवाज तेवढा परका आहे. भांडखोर, तेवढंच निघू दे. मी तिच्यासाठी परका निघालो तर त्या दारातच पेढे वाटीन.

तुझाच,
भिंगरी