वाणाचं मॅग्नेट

मिल्टन, कॅनडा, शनिवार

ती. आईला चित्राचा इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही सगळे धडधाकट आहोत, काळजी करू नकोस. तुझे जावई तिसऱ्यांदा निवडणुकीत पडले. पण जेवतात व्यवस्थित, आणि मतदारांना शिव्याही व्यवस्थित देतात.

कन्झर्वेटिव्ह पक्षाचे खासदार व्हायचं खूळ काही उतरत नाही. या वेळी त्यांनी माझं हळदीकुंकूसुद्धा सोडलं नाही. बेसमेंटमध्ये चाळीस बायका जमलेल्या, आणि हे मध्येच येऊन भाषण ठोकायला लागले. म्हणे, लोक म्हातारे आईबाप इथे आणतात आणि हॉस्पिटलं भरतात, मी ते बंद करीन! समोरच जयंतीच्या सासूबाई बसल्या होत्या, दोन महिन्यांपूर्वी साताऱ्याहून आलेल्या. मला मान वर करवेना.

वर स्वतःच्या फोटोची फ्रिज मॅग्नेट्स वाण म्हणून वाटली. वाण कोण नाकारतं गं? सगळ्यांनी हसून घेतलं. यांनी लगेच यादी केली, चाळीस मतं पक्की!

आता घरभर फिरतात आणि विचारतात, "बायकांनी दगा का दिला?"

तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या व्हिसाचा अर्ज मी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी भरला. येताना सांडगे आण, यांना आवडतात.

मी कोणाला मत दिलं, हे मात्र यांनी अजून विचारलेलं नाही. मॅग्नेट आमच्याही फ्रिजवर आहे ना.

तुझी,
चित्रा