बाथरूमबाहेरचा काटा

४ फेब्रुवारी

हा डॉक्टर फार हसतो. हसऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. पोटाचा मोठा भाग कापून फेकणार आणि वर म्हणतो, "केळ्याएवढं पोट राहील, काळजी नको!" एकशे सदतीस किलोचं हे धूड आणि त्याला केळ्याएवढं पोट! ही शेजारी बसून मान डोलवत होती. सहीसाठी पेनसुद्धा हिनंच पुढं केलं. इतकी घाई का?

वजन करणारी नर्स मात्र गमतीदार. माझं झाल्यावर म्हणाली, "या ताई, तुम्हीही चढा." ही लाजत लाजत चढली. एकसष्ट. नर्स म्हणाली, "दोघांत मिळून एक सरासरी माणूस काढता येईल!" सगळे हसले. मीही हसलो, पण उशिरा.

वजन कमी करायचंय ते कशासाठी, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बाजारातून येताना ही दोन पिशव्या घेऊन पुढं चालते आणि कोपऱ्यावर माझ्यासाठी थांबते. काही बोलत नाही, नुसती थांबते. ते थांबणं मला संपवायचंय.

१२ फेब्रुवारी

ऑपरेशनआधी लिव्हर लहान व्हायला हवं म्हणे. म्हणून नुसतं पातळ. सूप, दूध, परत सूप. ही म्हणाली, "तुम्ही उपाशी आणि मी समोर बसून जेवू? मीही सूपच घेते." ऐकायला छान! मी कामावर गेल्यावर काय चालतं कुणास ठाऊक. संध्याकाळी कचऱ्याचा डबा उघडून पाहिला. पावाचा कणसुद्धा नाही. म्हणजे लपवायला शिकली.

माझा धंदाच असा आहे. आयुष्य ट्रकांची वजनं करण्यात गेलं. भरली गाडी काट्यावर येते, माल उतरवून रिकामी परत येते, दोन्हींतला फरक म्हणजे माल. एवढं सरळ! पण ड्रायव्हर लोक सरळ असते तर मला पगार कशाला मिळाला असता? भरताना पाण्याची टाकी गच्च, परत येताना ओतून मोकळी. सीटमागं माणूस लपवतात, दगड लपवतात, आणि चेहरा असा की मांजर डोळे मिटून दूध पितंय. म्हणून माझा एकच नियम: ड्रायव्हरला विचारायचं नाही, काट्याला विचारायचं.

मी स्वतः एकदा त्या काट्यावर उभा राहिलो होतो. तो दहा-दहा किलोंनीच मोजतो. एकशे चाळीस दाखवलं. दुसऱ्या पाळीवरचा घोगऱ्या (घसा कायम बसलेला, म्हणून घोगऱ्या) म्हणाला, "माणसाच्या हिशोबात नाहीस तू, मालाच्या हिशोबात आहेस." माझा एकुलता एक मित्र. म्हणून ऐकून घेतलं.

२० फेब्रुवारी

लेक म्हणते, "बाबा, किती चिडचिड करता!" चिडचिड नाही ही. भूक आहे.

२७ फेब्रुवारी

उद्या. बॅग भरून दारात ठेवली आहे. भीती वाटते. लिहून टाकलं, बरं वाटलं.

ही दुपारी बाहेर गेली होती. परत आली ती डोळे लाल करून. विचारलं तर म्हणाली, "कांदा चिरला." सूप मी चाखलं. कांदा नव्हता.

४ मार्च

जिवंत आहे. पोटावर पाच भोकं. पाणी चमच्यानं, तेही मोजून. एक घोट जरा मोठा झाला तर छातीत असं दुखतं की देव आठवतात. सकाळी कॉरिडॉरमध्ये चालवलं. मी आणि सलाईनचा स्टँड — जोडी बरी दिसत होती.

ही दुपारी बराच वेळ गायब. "औषधं आणायला गेले होते." औषधांचं दुकान आमच्या वॉर्डच्या दारातच आहे. मी खिडकीशी उभा राहून पाहत होतो. तिथं ही नव्हती.

१९ मार्च

घरी नवा काटा आणला. काचेचा, हिरवे आकडे उमटतात. बाथरूमच्या दाराबाहेर, फरशीच्या रेघेला रेघ लावून ठेवलाय. काटा हलला की वजन चुकतं, हे घरात सगळ्यांना बजावून सांगितलं.

रोज उतरतंय! पँट हातानं धरून चालावं लागतं. शेजारीण जिन्यात म्हणाली, "अहो, अर्धे झालात की!" अर्धा कसला, पण गुदगुल्या झाल्या. सगळे मलाच बघतात. ही मागं उभी होती, तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. जाड माणूस बारीक झाला की तो नवरदेवच.

२ एप्रिल

काटा हलवलेला आहे! रेघेपासून बोटभर बाजूला. लेकीला विचारलं — "मी कशाला हात लावू?" हिला विचारलं — "झाडताना सरकला असेल." झाडताना! हिनं झाडलेलं घर मी ओळखतो, वस्तू जागच्या जागी असतात.

मग लक्षात आलं. मला खूश ठेवायला आकडे कमी करून ठेवतात की काय? पाच लिटरचा पाण्याचा कॅन काठोकाठ भरला, लेकीला उचलायला लावला (मला ओझं उचलायची अजून बंदी) आणि काट्यावर ठेवला. पाच किलो आणि डब्याचं थोडं. काटा खरा. म्हणजे भानगड दुसरीच आहे.

९ एप्रिल

आकडा अडकलाय. खाली जातच नाही. आहारवाली बाई फोनवर म्हणते, "असं होतं, शरीर दम खातं." माझं शरीर दम खात असेल, पण सुपात लोणी कोण घालतं ते आधी बघू!

सापळा लावला. अंगाला लावायच्या पावडरीची चिमूट काट्यावर भुरभुरवली, दिसेल न दिसेल अशी. बाजारातून आलो तर दोन पावलं उमटलेली. लहान, अरुंद. हिची! ड्रायव्हर पकडल्यावर होतो तसा आनंद झाला. आणि मग झाला नाही.

हिला आयुष्यात कधी वजनाशी देणंघेणं नव्हतं. आता चोरून काट्यावर का चढते? विचारलं नाही. विचारायचं नसतं.

१८ एप्रिल

हिच्या बोटात अंगठी नाही.

लग्नातली. कधी काढली नव्हती, कणीक मळतानासुद्धा नाही. म्हटलं, "अंगठी कुठंय?" म्हणाली, "भांडी घासताना निघून यायला लागली. हरवायला नको म्हणून कपाटात ठेवली." इतक्या वर्षांत निघाली नाही ती आत्ताच बरी निघते! माझीही सैल झालीय, पण मी तिला आतून दोरा गुंडाळला. काढून नाही ठेवली. ज्याला ठेवायची असते तो दोरा शोधतो.

कपाट पाहिलं. अंगठी आहे. पण हिचे कपडेही पाहिले — सगळे बाजूंनी आत घेतलेले, नव्या टाक्यांनी. माझ्या पँटी आत घ्यायला शिंप्याकडं टाकल्या त्याला पंधरवडा झाला. स्वतःचं मात्र घरच्या घरी, गुपचूप.

पाणी कुठंतरी मुरतंय.

२६ एप्रिल

लेकीचा वाढदिवस. केकचा एकच घास घेतला. अंगाला दरदरून घाम, छाती धडधडली, आडवं व्हावं लागलं. साखर आता चालत नाही. चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर जीव टाकला तीच जिवावर उठली!

पडल्या पडल्या दारातून हिच्या बशीकडं पाहिलं. केक तसाच. लेक म्हणाली, "आई, एवढासा तरी." ही म्हणाली, "नको वाटतं गं." आणि लेकीनं तोंड फिरवलं. दोघींचं काहीतरी ठरलेलं आहे. मी आत गेलो की बोलणं थांबतं. फोन वाजला की ही गॅलरीत जाते, दार लावून. एकदा एवढंच ऐकू आलं: "नाही, यांना अजून नाही सांगितलं."

काय नाही सांगितलं?

२९ एप्रिल

बुधवार. ही बहिणीकडं गेली. गेल्या बुधवारीही बहिणीकडंच. संध्याकाळी बहिणीचाच फोन: "ताई आहे का?"

"आहे, अंघोळीला गेलीय," म्हणालो. खोटं मी बोललो! हिच्यासाठी. का ते कळत नाही.

६ मे

कामावर रुजू झालो. केबिनमधली खुर्ची मोठी वाटते. ड्रायव्हर लोक काचेला नाक लावून बघतात. एक म्हणाला, "साहेब, रिकामे होऊन आलात!" हसलो.

दुपारी केबिनच्या काचेतून दिसणाऱ्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक गाडी थांबली. घोगऱ्याची. त्याची ती रंग उडालेली गाडी मी डोळे मिटून ओळखीन. त्यातून ही उतरली. त्यानं धावत येऊन दार धरलं. हिनं त्याच्या हातावर हात ठेवून तोल सावरला आणि घराकडं चालू लागली. हळू. अजिबात घाई नाही. ही वळेपर्यंत तो बघत उभा राहिला.

आज बुधवार.

त्यानंतर तीन गाड्यांची वजनं मी चुकीची लिहिली. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा.

७ मे

पाळी बदलताना घोगऱ्याला धरलं. "माझ्या बायकोला कुठं घेऊन जातोस?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. "तिलाच विचार."

"तुला विचारतोय."

"आणि मी सांगतोय, तिला विचार. मला तोंड उघडायचं नाही, शब्द दिलाय."

शब्द दिलाय! मग मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आमच्या मैत्रीत असं ऐकून घ्यायचं काम आजवर माझं होतं. जाताना एवढंच म्हणाला, "वजन उतरलंय तुझं. डोळ्यांवरची चरबी तेवढी राहिली."

खाल्ल्या घरचे वासे मोजणारा!

१५ मे

काट्याच्या मागं एक बारकं बटण आहे. दाबलं की आधीचा आकडा दिसतो. आज दिसलं मला. इतके दिवस समोर होतं.

एकोणपन्नास.

त्या दिवशी दवाखान्यात एकसष्ट होती. मी पोट कापून घेतलं, उलट्या काढल्या, केस गळले, तेव्हा कुठं बारीक झालो. आणि ही न बोलता न सांगता बारा किलो उतरली! कुणासाठी? माझ्यासाठी तर नाही, मी कधी मागितलं नव्हतं. या वयात!

राग आला असं लिहिणार होतो. खरं म्हणजे भीती वाटली, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वाटली त्याहून मोठी. मी धूड असताना ही कोपऱ्यावर थांबायची. आता मी हिच्या बरोबरीनं चालू शकतो. आणि हल्ली होतं असं की मी पुढं निघून जातो, वळून पाहतो तर ही मागं. मुद्दाम मागं राहते. माझ्याबरोबर दिसायला नको असेल.

ही गेली तर हे केळ्याएवढं पोट घेऊन मी करू काय?

२१ मे

उद्या माझी तपासणी. ही म्हणाली, "मी येते बरोबर." या, जरूर या! बाहेरच्या बाकावर बसवून विचारणार आहे. लोकांत आवाज चढवता येत नाही — हिलाही आणि मलाही. वाक्य ठरवून ठेवलंय: "काटा मला सगळं सांगतो, आता तू सांग." आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी वाक्य अर्ध्यातच सोडलं. म्हणून तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

२२ मे

काट्यावर चढलो. तीच गमतीदार नर्स. "आणखी चार किलो कमी! शाब्बास!" टाळ्यासुद्धा वाजवल्या.

बाहेर बाकावर येऊन बसलो. "अगं," म्हटलं, आणि तेवढ्यात आमचं आडनाव पुकारलं. मी उठलो. नर्स म्हणाली, "तुम्ही नाही. ताई."

ही उठली. पर्स माझ्या मांडीवर ठेवली. "माझ्या पोटात गाठ आहे. तुमच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं. त्याआधी मला वाटायचं, तुमच्याबरोबर सूप पिते म्हणून उतरतंय. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही टेबलावर चढला नसता. बुधवारी औषध चढवतात, तुमच्या पाळीवरचे मित्र, ते भाऊजी, गाडीनं आणून सोडतात. आज सांगणारच होते." आवाज रोजचाच, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा.

मग चपला काढल्या आणि त्याच काट्यावर चढली.

त्याच नर्सनं आकडा वाचला. "आणखी दोन किलो कमी."

शाब्बास म्हणाली नाही.