आईला मुंबई दाखवायची आहे

११ जानेवारी, रविवार

ठरलं! आईला मुंबई दाखवायची. एका दिवसात, पण सगळी.

डॉक्टरांनी औषधं थांबवल्यापासून घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मीही रडून रडून कंटाळले. आज पेज भरवताना सहज विचारलं, कुठे जावंसं वाटतं का गं? तर म्हणाली, "मुंबईला इतक्यांदा नेलंस, पण मी मुंबई बगितलीच नाय. हॉस्पिटलच बगितलं."

खरंच की. करंजाडे ते वॉर्ड, वॉर्ड ते करंजाडे.

१३ जानेवारी, मंगळवार

गाडीने नको म्हणते, लाँचनेच जायचं. माहेर मोऱ्याचं ना! लहानपणी तिथल्या धक्क्यावर बसून पलीकडचे मुंबईचे दिवे बघायची. म्हणून — सकाळी लवकर मोरा, लाँचने भाऊचा धक्का, पुढे दिवसभर टॅक्सी. राणीबागेत पेंग्विन, मग महालक्ष्मी, गेटवे, संध्याकाळी चौपाटीवर भेळ. दोन घास तरी खाईल. व्हीलचेअर शेजारच्या भावनाताईंनी दिली.

नवरा फोनवर म्हणाला, अगं, तिला झेपेल का? मी फोनच ठेवला. सगळ्यांना नन्नाचा पाढा तेवढा येतो! आई मात्र माझ्या प्रत्येक बेताला हो म्हणते.

१७ जानेवारी, शनिवार

ओहोटी मोठी असली की मोऱ्याच्या धक्क्याशी नुसता गाळ, लाँच बंद. म्हणून बाबांना विचारलं. आमच्याकडे पाण्याचं बाबांनाच विचारायचं, अजूनही. सारा जन्म मिठागरात गेला त्यांचा. उधाण कधी, खाडीचं पाणी आत कधी घ्यायचं, सगळं तिथीवर तोंडपाठ. उद्या अमावास्या, ती टाळून मंगळवार काढला होता. बाबा खाली बघतच म्हणाले, मंगळवारी सकाळी पाणी हाय, जा बिनधास्त.

१९ जानेवारी

आईची हिरवी नऊवारी इस्त्री केली. तिचं ब्लाऊज आता किती सैल होतंय! आत वळवून टाके घातले.

२० जानेवारी, मंगळवार

पाणीच नाही! धक्क्याखाली चिखल, त्यात होड्या कलंडलेल्या. तिकीट देणारा म्हणाला, अमावास्या नुकतीच झाली, सकाळचं पाणी तळाला जाणारच, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. थांबा दुपारपर्यंत.

मी बाबांवर सगळ्यांदेखत ओरडले. मिठागरात काय झोपा काढल्या का, असंही म्हणाले. ज्याच्या गाडीतून आलो त्या भावेशला म्हटलं, गाडी तशीच मुंबईला घे. तेवढ्यात आईने माझा हात धरला, म्हणाली, बस जरा इथंच.

बसलो. तिच्या बापाची होडी कुठे लागायची ते तिने दाखवलं. धुरक्यातून पलीकडच्या इमारती बघितल्या. अर्धा कप चहा प्यायली, किती दिवसांनी! मग म्हणाली, चल घरी. परतताना माझ्या मांडीवर झोपली. मी मात्र रस्ताभर धुमसत होते.

२४ जानेवारी

पुढची तारीख काढू का, विचारलं. आई नुसती हसली. बाबांशी मी बोलत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आई गेली. सकाळी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तेरावं झालं. पाहुणे गेले. घर खायला उठतं.

राहून राहून तेच मनात येतं — एक दिवस मागितला होता तिने. तोही बाबांनी घालवला! वय झालं, विसरले असतील, असं नवरा समजावतो. मला नाही समजून घ्यायचं. बाबा वाढलेलं निमूट जेवतात, ताट स्वतः घासून ठेवतात. कीव येते. पण राग जात नाही.

२२ फेब्रुवारी

आज शेवटी मी तोंडावर म्हणालेच, तुमच्यामुळे आईची मुंबई राहिली.

बाबांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग बोलले, "पाणी नाय ते मला ठाव होतं. तीच बोलली, मुंबई काय आता मला झेपायची नाय, पण पोरीला नाय म्हणवत नाय. मोऱ्यापर्यंत जाऊ, तेवढं बास. तुमी पाण्याचं खोटं सांगा. ती तुमाला ओरडंल — पण तुमी सोसाल."