गाडीसाठी गाळलेली हवा

आई, तुझ्या गाडीच्या एअर फिल्टरचा डबा अखेर फुटला. कंपनीचा आता मिळत नाही, शाहपुरच्या भंगारवाल्याकडेही नाही. सिंधीपुऱ्यातला तुझाच मेकॅनिक, आता जाड चष्मा लागलाय त्याला, त्याने बाहेरचे दोन फिल्टर समोर ठेवले. एक उघडा, शंकूसारखा. दुसरा बंद डब्यातला, लांब पाइपने पुढून थंड हवा ओढणारा. "दीदी, ओपनवाला लावा. पिकअप बी वाढेल, गाडी दमदार बोलेल," म्हणाला आणि लावून ऐकवलाही. अगं, अख्खी गल्ली गोळा झाली असती. मी विचारलं, "यात कापूस गेला म्हणजे?" तर तो हसायला लागला. "एकदम मॅडमसारखं बोलल्या तुम्ही." तुला तो मॅडमच म्हणायचा. मला किती बरं वाटलं ते तुला काय सांगू. बंद डबाच घेतला.

तेव्हा आपल्या गल्लीत गाडी चालवणारी बाई तू एकटीच. जसोंडीच्या शाळेत शिकवायला जायचीस. कापसाच्या दिवसांत रस्त्यावर जिनिंगची रुई उडायची, ती फिल्टरला चिकटायची आणि गाडी चढावर धापा टाकायची. एका सकाळी तू स्वयंपाकघरात उभी आहेस, माठावरचं पाणी गाळायचं मलमल हातात घेऊन बघतेयस. त्यातलं जुनं, विरलेलं फडकं निवडतेस, बाहेर जाऊन बॉनेट उघडतेस आणि हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधून टाकतेस. रोज संध्याकाळी ते सोडून धुवायचं, सकाळी पुन्हा बांधायचं. मामा चिडवायचा, "ताई, गाडीला बी सोवळं का गं?" तू म्हणायचीस, "माणसाला गाळून देतो, हिला काय म्हणून नाही?" मी मात्र लाजायचे. लोक हसतात, काढ ते, असं म्हटल्यावर तू मला चांगलंच झापलंस. "हसू दे. पोरं फाटकाशी वाट बघत असतात. त्यांना काय सांगू, गाडीला ठसका लागला म्हणून?" तू होतीस तोवर ती गाडी जसोंडीच्या वाटेत कधी बंद पडली नाही. तुझं ते न लाजणं मला अजून जमलेलं नाही, आणि त्याचा अभिमान मात्र मी जन्मभर मिरवलाय.

त्या फडक्यामुळे गाडीचा आवाज वेगळा झाला होता, तुला कदाचित आतून कळत नसेल. पदर तोंडाला लावून कुणी बोलावं तसा, दबका. ती कोपऱ्यावर वळली की आजूबाजूच्या पावरलूमच्या खडखडाटातही मला ऐकू यायची आणि मी चहाचं आधण ठेवायचे. तू चपला काढेपर्यंत चहा उकळलेला असायचा. तू गेल्यावर फडकं कुणी बांधलं नाही. गाडी आम्ही वापरत राहिलो, पण आधण ठेवायचं काही कारण उरलं नाही.

डबा बसवायला गाडी मेकॅनिककडे ठेवून मी पुढे आले होते. संध्याकाळी नवा डबा लावून हे गाडी घेऊन घरी आले तेव्हा मी भाजी चिरत होते. दार वाजेपर्यंत मला कळलंच नाही. गाडी छान चालते, पिकअपही आहे, हे खूश आहेत. मग मी ट्रंकेतलं तुझं मलमल काढलं, पाइपच्या तोंडाला बांधलं आणि यांना म्हटलं, जरा एक चक्कर मारून या. का म्हणून त्यांनी विचारलं. धूळ फार आहे म्हटलं. मी आत येऊन ओटा पुसत राहिले. गाडी कोपऱ्यावर वळली आणि आई, मला काही सुचायच्या आत माझ्या हाताने गॅस पेटवून आधण ठेवलं होतं.

मेकॅनिकने बजावलंय, या डब्याला फडक्याची गरज नाही, उलट गाडीचा दम कोंडेल. बरोबरच आहे त्याचं. तू असतीस तर तूही तेच सांगितलं असतंस, आणि मला पुन्हा झापलं असतंस. काढायचंय ते. रोज सकाळी बॉनेट उघडते, फडकं सोडते, धुवून वाळवते आणि परत बांधते.