हौदाची निरवानिरव

मी, मंजुळा काळूराम भोईर, वय अडुसष्ट, राहणार घोडबंदर गाव, माझ्या मागे माझ्या वस्तूंचं काय व्हावं ते आज लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, असंही लिहावं लागतं, असं वकील नीलमताई म्हणाल्या. आज दुपारपुरतं ते खरं आहे, म्हणून लिहिते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. घोडबंदरचा बंगला माझ्या एकटीच्या नावावर आहे. भाताची जमीन विकली तेव्हा यजमानांनी तो बांधून माझ्या नावावर केला. हा बंगला अंगणासकट माझी मुलगी हेमांगी हिला मिळावा. मुलगा कुलदीप याला वडिलांनी हयातीतच उरलेली जमीन दिली आहे. बंगल्यात त्याचा हिस्सा नाही.

२. अंगणात पोहण्याचा हौद आहे. तो हेमांगीने मातीने भरून टाकावा. ही अट नाही, विनंती आहे. कारण लिहिते.

यजमान खाडीत पोहून मोठे झाले. एका बिल्डरच्या घरी तसला हौद बघून आले आणि म्हणाले, "आपल्या घरी बी पायजे." बांधणाऱ्याने तोवर फक्त पाण्याच्या टाक्या बांधल्या होत्या. म्हणून याला उतार नाही, पायऱ्या नाहीत. चारी बाजूंनी सरळ भिंती, माझ्या डोक्याहून उंच, आणि अडकवायची एक लोखंडी शिडी. यजमान त्यात एकच उन्हाळा पोहले. मग त्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, एकच शब्द राहिला: "पान." ओटीवर खुर्चीत बसून ते पाण्याकडे बघत. पाण्यात पान पडलं की "पान", भूक लागली तरी "पान". मी लांब काठीची जाळी घेऊन पान काढायचे. काढलं नाही तर ते रडायचे.

साफसफाईचा माणूस कुलदीपने बंद केला. म्हणाला, "आई, तूच कर ना. घरबसल्या व्यायाम होतोय तुझा." तेव्हापासून रोज जाळी, ब्रश, क्लोरीन. उन्हाळ्यात जरा हयगय केली की पाणी हिरवं. हेमांगीचं बाळंतपणसुद्धा माहेरी करता आलं नाही, आणि तिच्या घरी जाऊन मी एक रात्र राहिले नाही.

एकदा शेवाळ घासायला हौद रिकामा करून मी आत उतरले होते. कुलदीपला गेटवरचा दिवा बदलायचा होता. "आणतो लगेच," म्हणत त्याने शिडी वर ओढून नेली. दिवा लावला, कोणाचा तरी फोन आला, आणि तो गाडी काढून गेला. शिडी गेटलाच राहिली. मी हाका मारल्या. पलीकडे हायवे, कोणाला ऐकू जाणार? यजमान ओटीवरून "पान, पान" ओरडत होते. मग खुर्ची पडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने हौदाच्या काठावर त्यांचा हात दिसला. ते सरपटत आले होते. कोपरं सोलून निघाली होती. मला वर ओढायची ताकद त्यांच्यात नव्हती. पालथं पडून त्यांनी चालता हात खाली सोडला, मी टाचा उंचावून तो धरला. दिवस मावळेपर्यंत आम्ही तसेच होतो.

कुलदीप आला आणि म्हणाला, "अगं, फोन करायचा ना!" फोन ओटीवर होता. आणि मग, "उद्या भरून घे हां आई. शनिवारी पार्टी हाय."

यजमान त्याच पावसाळ्यात गेले.

३. माझ्या पाटल्या नात संचिता हिला.

४. पंप, जाळी, ब्रश कुलदीपला. रागाने लिहीत नाही. ते त्यानेच आणलेले आहेत.

५. माझं प्रेत बंगल्यावर आणू नये. मी जिथे जाईन तिथून थेट स्मशानात न्यावं.

६. हे सगळं अमलात आणायचं काम नीलमताईंनी करावं. त्यांनी होकार दिला आहे.

बंगला आता शनिवार-रविवार भाड्याने जातो. तेव्हा मी स्वयंपाकघरामागच्या खोलीत असते. आज हेमांगीकडे बसून हे लिहीत असताना शेजारच्या वासंतीताईंनी विचारलं, "मग आजपासूनच का नाही राहत इथे?" मी म्हटलं, "लहान पोरं उतरतात त्या पाण्यात. घाण राहिलं तर डोळं येतील त्यांना. कुलदीपला ते जमत न्हाय." मग मीच नीलमताईंना विचारलं, की तोवर माझं काय? त्या म्हणाल्या, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. त्याआधीचं यात लिहिता येत नाही.

मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

(सही) मंजुळा काळूराम भोईर
जेसल पार्क, भाईंदर पूर्व
१४ मार्च २०२५

मंजुळाबाईंनी आम्हा दोघांच्या समोर सही केली आणि त्यांच्या समोर आम्ही केली. सही चालू असताना त्यांच्या मोबाईलवर कुलदीप यांचा फोन सारखा वाजत होता. तो त्यांनी घेतला नाही.

साक्षीदार:
(सही) वासंती उत्तम सावंत
(सही) डॉ. जितेंद्र काशीनाथ राणे