झाकल्या हाताचा भाव

मुक्काम सोलापूर, सन १९२७

तीर्थस्वरूप सिद्धलिंगप्पामामांस, आपल्या मास्तर भाच्याचे, शिवयोगीचे, साष्टांग शरणार्थ. आपली कंबर आता कशी आहे? इकडे आईचे (म्हणजे आपल्या नागम्माचे) गुडघे बरे आहेत. झोप उडाली आहे ती माझी.

कारण तपासणी. शाळा तपासणारे दिपोटी साहेब यंदा माझा वर्ग पाहून मला कायम करणार, नाहीतर घरी बसवणार. त्यात नवा हुकूम असा, की बिगारीच्या पोरांना घोकंपट्टी नको, चित्रांवरून शब्द शिकवा. आधी खरेदीचे, मग खेळांचे. मामा, मला कुठली चित्रे काढता येतात! वाण्याचे दुकान काढायला बसलो, तर तागडीचा पाळणा झाला. (पोरांनी अंगाईही म्हटली.) शेवटी लहानपणी वैरागच्या बैलबाजारात आपल्या मांडीवर बसून पाहिले तेच काढले: उपरण्याखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरवणारे दोन दलाल. खेळांसाठी कुस्ती काढली, हातात हात दिलेले दोन पैलवान. आता चौघेही माझ्याच हातचे, म्हणजे तोंडावरून कोणी ओळखू येईना! म्हणून पोरांना खूण सांगितली, की हात झाकलेला असेल तर खरेदी, उघडा असेल तर कुस्ती. मग पोरे चुकेनात. मला केवढा हुरूप आला होता!

काल साहेब आले. पगडी, खांद्यावर उपरणे, पण रीत विलायती. पहिल्या रांगेतल्या चंद्रव्वापुढे उकिडवे बसून त्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. झाले! सारा वर्ग ओरडला, "कुस्ती!" दोघांनी तर दंडही थोपटले. चंद्रव्वाला मात्र साहेबांच्या वयाची दया आली असावी. तिने पाटी पुसायचे ओले फडके त्यांच्या हातावर टाकले, खाली बोटे दाबली आणि म्हणाली, "सायब, कुस्ती नगं. आपुन खरेदीच करू की. बोला, किती देनार?"

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हात पुसला आणि उठले. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

आपला कासावीस,
शिवयोगी

ता. क. मुख्य गोष्ट लिहायचा धीर होत नव्हता. निघताना दाराशी साहेबांनी माझा हात धरला, त्यावर आपले उपरणे टाकले आणि आत माझी दोन बोटे दाबली; मग जरा थांबून तिसरे. लगेच उपरणे झटकून चालते झाले. आपण जन्मभर दलाली केलीत, याचा अर्थ काय, मी कायम की घरी, ते उलटटपाली कळवावे.

आणखी ता. क. अर्थ वाईट निघाला, तर टपाल खर्चू नका. बाजारात आपल्याशेजारी माझ्यापुरती जागा धरून ठेवा. उपरणे मी घेऊन येतो.