ट्रॅक्टरचे तेल काळे पडणे ही चोरी नसल्याबाबत

प्रति,
माननीय विभागीय यंत्र अधिकारी,
अवजारे व यंत्रे शाखा,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : डिझेल ट्रॅक्टरच्या इंजिनात योग्य तेच तेल ओतले जावे व चालकावरील तेलचोरीचा ठपका काढून टाकावा, याबाबत.

संदर्भ : (१) माननीय अधीक्षक, बीजप्रक्षेत्र यांचा तोंडी आदेश.
(२) अर्जदाराचा कबुलीजबाब. (हा अर्जदाराने दिलेला नसून टंकलेखकांनी परस्पर तयार केला आहे. सहीची जागा तेवढी रिकामी आहे.)

महोदय,

प्रस्तुत अर्जात प्रथमतः अर्जदारावर आलेले बालंट, तदनंतर तेलाचे शास्त्र, आणि अंतिमतः अर्जदाराची मागणी, या तीन बाबी यथाक्रम सादर होतील. क्रम मध्येच मोडल्यास तो संतापाने मोडला असे समजून क्षमा असावी.

१. अर्जदार हा बीजप्रक्षेत्रावरील एकमेव ट्रॅक्टरचा एकोणीस वर्षांपासूनचा एकमेव चालक आहे. सदर ट्रॅक्टर सकाळी सुरू होताना बराच वेळ खोकतो, कुरकुरतो, आणि एकदा कामाला लागला की कोणाचे ऐकत नाही. सबब त्यास सर्वजण 'आत्याबाई' म्हणतात. आत्याबाईंचे इंजिन एकोणीस वर्षांत एकदाही खोलावे लागलेले नाही. यात अर्जदाराचे कर्तृत्व अल्प असून तेलाचे अधिक आहे, हे तो प्रांजळपणे नमूद करतो.

२. गेल्या महिन्यात नवे अधीक्षक रुजू झाले. ते यापूर्वी लेखनसामग्री शाखेत होते व तेथे त्यांनी टाचण्यांचा अपव्यय समूळ थांबविला, असे ऐकिवात आहे. रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी ते शेडमध्ये पाहणीस आले. आदल्या दिवशी सकाळी अर्जदाराने आत्याबाईंचे तेल बदलले होते व दिवसभर नांगरट केली होती. अधीक्षकांनी तेल मोजण्याची पट्टी स्वहस्ते ओढली, आपल्या रुमालावर पुसली आणि रुमाल दारातल्या उजेडात धरून पाहिला. नंतर जे संभाषण झाले ते अर्जदार शब्दशः देत आहे. "काल घातलेलं तेल हे?" "हो साहेब." "मग एवढं काळं कसं?" "काम केलं ना साहेब त्यानं." "कामानं माणूस काळा पडतो. तेल कशाला पडेल? नवं कुठे विकलंस ते सांग."

येणेप्रमाणे, नवीन तेल बाहेर विकून इंजिनात जुने जळके तेल भरल्याचा आरोप अर्जदारावर पहिल्याच भेटीत सिद्ध झाला. चौकशी नंतर सुरू झाली.

३. आता शास्त्र. डिझेल जळताना काजळी धरते. ती काजळी इंजिनाच्या अंगाला चिकटू न देता स्वतःच्या अंगावर घेणे हे डिझेल इंजिनाच्या तेलाचे कर्तव्य होय. म्हणून चांगले तेल पहिल्याच पाळीत काळे होते. फरशी पुसल्यावर फडके मळते, तेव्हा कोणीही फडक्यावर खटला भरत नाही. उलट फडके पांढरेशुभ्र परत आले, तर फरशी पुसलीच नाही असे कोणतीही गृहिणी ओळखेल. गृहिणीस जे कळते ते कार्यालयास कळावे, ही अपेक्षा अर्जदाराने बाळगली, हा त्याचा पहिला गुन्हा.

तेल निवडताना डब्यावरील दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे आकडा. तो दाटपणा सांगतो, आणि आत्याबाईंच्या पुस्तिकेत आपल्याकडील हवामानासाठी 'पंधरा डब्ल्यू चाळीस' असा स्पष्ट छापलेला आहे. दुसरी म्हणजे दर्जाची अक्षरे. डिझेलसाठीच्या तेलावर 'सी' ने सुरू होणारी अक्षरे असतात, पेट्रोल मोटारीच्या तेलावर 'एस' ने सुरू होणारी. काही डब्यांवर दोन्ही असतात, त्यांचे वावडे नाही. परंतु ज्यावर केवळ 'एस' आहे ते डिझेल इंजिनात ओतणे म्हणजे नांगरटीच्या कामावर मिरवणुकीचा घोडा जुंपण्यासारखे आहे.

४. याउपर अधीक्षकांनी योग्य तेल निवडण्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमली. सदस्य : स्वतः अधीक्षक, भांडारपाल व टंकलेखक. तिघांपैकी एकानेही ट्रॅक्टरचे झाकण कधी उघडलेले नाही, त्यामुळे समिती पूर्णतः निःपक्षपाती होती.

समितीने तीन प्रकारची तेले आणवून काचेच्या तीन पेल्यांत ओतली व ते पेले कार्यालयाच्या खिडकीत आठ दिवस ठेवले. जे तेल आठ दिवसांत काळे पडणार नाही ते उत्तम, असा निकष होता. महोदय, पेल्यात इंजिन नसते. तिन्ही तेले जशीच्या तशी राहिली. दुसऱ्या पेल्यात चौथ्या दिवशी माशी पडून मेली, सबब ते तेल 'अस्वच्छ' शेरा मारून बाद करण्यात आले. अर्जदार खेदपूर्वक नमूद करतो की, तिन्ही तेलांपैकी पुस्तिकेत सांगितलेले तेल तेवढे तेच होते. पहिल्याचा रंग टंकलेखकांस आवडला नाही. उरले तिसरे, ते एकमताने निवडून आले.

५. निवडून आलेला डबा अर्जदाराने वाचून पाहिला. त्यावर केवळ 'एस' असून ते पेट्रोल मोटारीचे पातळ तेल आहे. ही गोष्ट भांडारपालांच्या निदर्शनास आणली असता ते म्हणाले, "अक्षरं काय वाचत बसलायस? रंग बघ, मधासारखा आहे." त्यावर अर्जदाराच्या तोंडून "मग चाटून बघा की" असे उद्गार निघाले. ते निघाले हे अर्जदार नाकारत नाही. मात्र 'भांडारपालांच्या अंगावर धावून गेला' हे कबुलीजबाबातील वाक्य असत्य आहे. भांडारपाल टेबलाच्या पलीकडे होते व त्या टेबलावरून उडी मारणे अर्जदाराच्या गुडघ्यांस शक्य नाही.

६. कबुलीजबाबात अर्जदाराने तेल विकल्याचे मान्य केले असून, यापुढे समितीचे तेल बिनतक्रार वापरण्याची हमी दिली आहे. सोमवारी सकाळी अकरापर्यंत सही केल्यास प्रकरण मिटेल व आत्याबाई अर्जदाराकडेच राहतील. सही न केल्यास अर्जदाराने किल्ली भांडारपालांकडे सोपवून फाटकावरील आवकजावक नोंदवहीच्या खुर्चीवर बसावे, असा अधीक्षकांचा आदेश आहे.

ही वार्ता घरापर्यंत गेली. सासूबाईंनी डोक्याला लावायच्या तेलाची बाटली कुलपात ठेवली. पत्नीने पहिल्या दिवशी "करून टाका सही, सीट तरी राहील" असा सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी मात्र आईच्या हातून बाटली काढून घेत ती म्हणाली, "ह्यांनी चोरी केली नाही, हे मी लिहून देते. चोरीला हुशारी लागते." हे प्रशस्तिपत्र अर्जदार आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सादर करीत आहे, कारण अन्य साक्षीदार नाही.

७. सबब विनंती की, पुस्तिकेत लिहिलेल्या तेलाचा सीलबंद डबा समितीसमोर फोडून आत्याबाईंमध्ये ओतावा. तेल ओतायच्या झाकणास व तळाच्या बोल्टास लाख लावून सरकारी मोहर उठवावी. नंतर अर्जदाराने दिवसभर नांगरट करावी व माननीय अधीक्षकांनी दिवसभर शेजारच्या मडगार्डवर बसून अर्जदाराच्या हातांवर लक्ष ठेवावे. बसण्यास उशी दिली जाईल. संध्याकाळी पट्टी ओढावी. तेल काळे निघाले नाही, तर अर्जदार त्याच मडगार्डवर कागद ठेवून कबुलीजबाबावर सही करील, अंगठाही देईल.

८. आजवर अर्जदाराने हजेरीपटापासून रजेच्या अर्जापर्यंत जेथे बोट दाखविले तेथे न वाचता सही केली. कबुलीजबाब त्याने तीनदा वाचला. तिसऱ्या वाचनात त्यास असे आढळले की, चोर म्हणवून घेणे एक वेळ सहन होईल, कारण चोरास लोक चार दिवसांत विसरतात. परंतु त्या सहीनंतर आत्याबाईंमध्ये ते तेल अर्जदारास स्वतःच्या हाताने ओतावे लागेल, आणि हंगाम सरण्यापूर्वी आतून येणारा खडखडाट सीटवर बसून ऐकावा लागेल. तो आवाज अधीक्षकांस कार्यालयात ऐकू जाणार नाही. सीट राखण्यासाठी अर्जदार ही सही करणार नाही.

सोबत : (१) पुस्तिकेतील तेलाच्या पानाची प्रत. (२) टंकलिखित कबुलीजबाब, सहीविना. (३) किल्ली जोडलेली नाही. ती अर्जदाराच्या गळ्यात आहे. सोमवारी तिसऱ्या पेल्यातलेच तेल ओतायचे ठरल्यास ती मागण्यासाठी आपण स्वतः शेडमध्ये यावे. अन्य कोणाच्या हाती ती दिली जाणार नाही.

हा अर्ज ज्यांच्या टेबलांवरून वर जाईल त्या आवक लिपिकांपासून आपल्यापर्यंत, शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक वाचकाचे अर्जदार मनःपूर्वक आभार मानतो.

दिनांक : शुक्रवार, दुपारची सुट्टी

आपला नम्र,
(सही, वाचून केलेली)
ट्रॅक्टरचालक, बीजप्रक्षेत्र,
सर्वत्र 'आत्याबाईंचा भाचा' या नावाने परिचित